होडीची डागडुजी (७) : तांब्याशी उभा दावा

आज आपल्या ॲल्युमिनियमच्या होडीतल्या फळीसाठी नवा प्लाय कापायचा असं ठरलं होतं. ज्यांनी जुन्या फळीवरून कागदी साचा काढून ठेवला आहे, त्यांनी तो गुंडाळून माळ्यावर टाकावा. या आठवड्यात तो लागणार नाही. भिगवणहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न प्लायच्या आधीचा आहे. त्यांच्याकडे सासुरवाडीहून, म्हणजे रत्नागिरीकडून, जुन्या लाकडी होडीचे डबाभर तांब्याचे खिळे आले आहेत. ते विचारतात, ‘तांबं लोखंडासारखं सडत नाही. मग ॲल्युमिनियमच्या होडीत फळी ठोकायला हेच वापरले तर काय बिघडलं?’

सगळंच बिघडेल. तांबं स्वतः टिकतं, पण शेजाऱ्याला खातं.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिळून पाण्याचा ओलावा आला, की तिथे बॅटरी तयार होते. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये बाहेरचं जस्ताचं कवच झिजून झिजून वीज देतं, तसं इथे ॲल्युमिनियम झिजतं. फरक एवढाच की या विजेवर दिवा लागत नाही, होडीला भोक पडतं. ॲल्युमिनियम एरवी भित्रं नाही. हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच त्याला वर्षानुवर्षं सांभाळतो. पण तांबं शेजारी आलं की तो थर जागोजाग फुटतो. गेल्या वेळी कुजलेली फळी उचलल्यावर बरगडीवर जी पांढरी भुकटी दिसली होती, ती त्यातलीच. नख लावलं की भुकटी निघते आणि खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा असतो. असे खड्डे पत्र्यात आडवे पसरत नाहीत, सरळ खाली उतरतात. दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याला ही चैन परवडत नाही.

या विषयावर माझी आवडती गोष्ट अमेरिकेची आहे. १८९५ साली ‘अमेरिकाज कप’ या शिडाच्या नौकांच्या शर्यतीसाठी नॅथॅनिएल हेरेशॉफ या नामांकित नौकाकाराने ‘डिफेंडर’ नावाची नौका बांधली. पैसा व्हँडरबिल्टसारख्या धनाढ्यांचा, त्यामुळे हात आखडायचं कारण नव्हतं. वजन वाचवायचं म्हणून पाण्याच्या वरचं अंग ॲल्युमिनियमचं केलं. पाण्याखालचा भाग गुळगुळीत राहावा, त्यावर शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तो ब्राँझचा, म्हणजे तांब्याच्याच मिश्रधातूचा. आतला सांगाडा पोलादी. आणि हे सगळं रिबिटांनी एकत्र जोडून खाऱ्या पाण्यात सोडलं! नौका शर्यत जिंकली, यात शंका नाही. इंग्लंडची ‘वाल्किरी तिसरी’ हरली आणि तिचे मालक लॉर्ड डनरेव्हन यांनी फसवणुकीचे आरोप केले. तो तमाशा वेगळाच. पण डिफेंडरचं ॲल्युमिनियम लगेच झिजायला लागलं. १८९९ मध्ये नव्या नौकेच्या सरावासाठी तिला डागडुजी करून पुन्हा पाण्यात उतरवलं, आणि १९०१ मध्ये मोडीत काढलं. हेरेशॉफला हे आधी कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला एक मोसम जिंकायचा होता. आपल्याला मात्र होडी नातवापर्यंत न्यायची आहे.

कोणी म्हणेल, तो समुद्र, आपलं धरणाचं गोडं पाणी. मुद्दा बरोबर आहे. खारं पाणी विजेला मोकळी वाट देतं, गोडं पाणी कमी देतं, त्यामुळे खडकवासल्यात हेच काम सावकाश होतं. पण सावकाश म्हणजे होत नाही असं नव्हे. शिवाय भिगवणच्या वाचकांनी आपलं पाणी गोडं समजताना जरा जपून. आम्हा पुणेकरांचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून तुमच्या उजनीतच येतं. त्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात.

खिळे नाही वापरले तरी तांबं चोरपावलांनी होडीत येतं. सर्वांत फसवी वाट लाकडाची. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला जी औषधं मुरवतात, त्यांतल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. हिरवट झाक असली की ओळखावं. असं लाकूड अंगणातल्या कुंपणाला उत्तम, पण ॲल्युमिनियमच्या बरगडीवर टेकवलं की ओल आली रे आली की त्यातलं तांबं झिरपून पत्र्यावर बसतं. टिंबर मार्केटमधला दुकानदार मोठ्या प्रेमाने ‘ट्रीटेड आहे, साहेब’ म्हणेल. त्याला हात जोडावेत आणि तांब्याचं औषध न मुरवलेला प्लाय मागावा. दुसरी वाट खिशातली. दहाच्या नाण्याची पिवळी कड तांब्याच्या मिश्रधातूची असते. असं एखादं नाणं, पितळी कडी किंवा गळाचं शिसं फळीखाली घरंगळलं आणि पावसाळाभर चिखलात पडून राहिलं, तर नेमकं त्याच्याखाली छिद्र पडतं. जुनं चौकोनी, हलकं ॲल्युमिनियमचं पाच पैशांचं नाणं पडलं तर मात्र खुशाल पडू द्या.

मग जोडायचं कशानं? फळीसाठी एसएसचे स्क्रू चालतात. स्टेनलेससुद्धा ॲल्युमिनियमला खातंच, पण इथे आकाराचं गणित आपल्या बाजूने आहे. स्क्रू एवढासा, भोवती ॲल्युमिनियम भरपूर, त्यामुळे झीज वाटली जाते. उलटं केलं, मोठ्या पोलादी पट्टीला छोटं ॲल्युमिनियमचं रिबिट मारलं, तर ते रिबिट बघता बघता संपतं. स्क्रूखाली नायलॉनचा वायसर घाला, भोकात सीलंट भरा आणि स्क्रू बरगडीच्या माथ्यातच उतरवा, तळाच्या पत्र्यात चुकूनही नको. सीलंट घेताना नळीचं तोंड हुंगावं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिलिकॉन बाथरूमसाठी ठेवा. सुकताना ते आम्ल सोडतं आणि धातूला लागतं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्यावं.

तुटलेली बरगडी पुन्हा पत्र्याला जोडायची असेल तर मात्र रिबिटच, आणि तेही ॲल्युमिनियमचंच. तांबट आळीत तांब्याच्या भांड्याला कान बसवताना रिबिटही तांब्याचंच घेतात. नियम तोच आहे. पॉप रिबिट सोपं, एकट्याने मारता येतं, पण त्याच्या पोटात बहुधा पोलादी खिळ्याचा तुकडा अडकून राहतो. तो गंजतो आणि तिथूनच पाणी झिरपतं. पाण्याखाली भरीव रिबिट मारावं. त्याला दोन माणसं लागतात : एक बाहेरून डोकं हातोडीने ठोकणारा आणि दुसरा आतून शेपटीला जड लोखंडी ठोकळा दाबून धरणारा. पत्रा आणि बरगडी यांची मिळून जाडी, त्यात रिबिटाच्या व्यासाच्या दीडपट भर, एवढी लांबी हवी. ४.८ मिलिमीटरचं रिबिट असेल तर शेपटी सुमारे सात मिलिमीटर बाहेर यायला हवी. कमी असेल तर डोकं बसत नाही, जास्त असेल तर वाकडं होतं. भोक पत्र्याच्या काठापासून व्यासाच्या दुपटीहून जवळ पाडू नका, काठ फाटतो. ठोकळा धरणारा माणूस शांत डोक्याचा बघावा. तो दचकून हलला की शेपटी मुडपते आणि ड्रिलने रिबिट काढून पुन्हा पहिल्यापासून.

भिगवणकरांनी ते तांब्याचे खिळे लाकडी होडीवाल्या कुणाला तरी द्यावेत, तिथे ते सोन्याच्या मोलाचे आहेत. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्याच्या आत बोहरी आळीत एक चक्कर मारून एसएसचे स्क्रू आणावेत, जाताना खिशात लोहचुंबक घेऊन. चुंबक स्क्रूला हलकेच ओढत असेल तर हरकत नाही. खाडकन चिकटला तर तो स्क्रू परत पेटीत टाकायचा आणि ‘३०४ ग्रेडचे दाखवा’ म्हणायचं. प्लाय पुढच्या वेळी नक्की कापू. करवतीचं पातं तेवढं नवीन घालून ठेवा.