ट्रक भरण्याआधी एक फोन

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

वर्धा जिल्ह्यातल्या माणसानं चक्रीवादळावर बोलावं, याचं नवल वाटेल. आमच्याकडे समुद्र नाही. वादळ म्हणून आम्हाला ठाऊक आहे ती वैशाखातली वावटळ. फार तर ती कवेलू उडवते आणि वाळत घातलेल्या कुरड्या शेजारच्या अंगणात नेऊन टाकते. पण दूरच्या संकटाला धावून जाण्याची सवय आमच्या गावांना जुनी आहे. बातमी आली की चौकात टेबल लागतं, कापडी फलक लागतो, संध्याकाळपर्यंत ट्रक भरतो. मला आज त्या ट्रकाविषयी बोलायचं आहे, कारण अशा एका ट्रकात मी बसून गेलेलो आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला, किल्लारी आणि आसपासची गावं झोपेतच गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा नुकताच बी. ए. झालो होतो. नोकरी नव्हती, वेळ भरपूर होता. आम्ही पोरं हातगाडी घेऊन पुलगावच्या गल्ल्यागल्ल्यांतून फिरलो. लोकांनी हात आखडता घेतला नाही. दोन दिवसांत कपड्यांचा ढीग छताला लागला. तो उघडून पाहावा, वेगळा करावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. गाठोडी बांधली आणि निघालो.

तिथे पाऊस होता, चिखल होता. आमच्या आधी कितीतरी ट्रक येऊन गेलेले. आम्ही वरून गाठोडी सोडू लागलो तेव्हा खाली बायकांच्या घोळक्यात एक आजी उभी होती. ती म्हणाली, "लेकरा, एखादं नऊवारी लुगडं हाय का बघ की." मी शोधू लागलो. पाचवारी साड्या निघाल्या, त्याही जरीच्या, ब्लाऊज नसलेल्या. लोकरीचे स्वेटर निघाले. शाळेचा गणवेश निघाला. एकाच पायातली चप्पल निघाली. लुगडं निघालं नाही. कापसाच्या जिल्ह्यातून आम्ही ट्रकभर कापड नेलं होतं आणि त्या म्हातारीला नेसता येईल असं एक सुती वस्त्र त्यात नव्हतं. तिनं एक फाटकी पँट उचलली. मी विचारलं, ही कशाला? ती म्हणाली, "पाय पुसाया."

परत येताना तिथल्या एका परिचारिकेनं आम्हाला खडसावलं. म्हणाली, तुमच्या ट्रकवर सगळे पुरुष. पाळीच्या वेळचं कापड, आतले कपडे हे बायकांनी तुमच्याकडे मागायचं कसं? याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

हे एकट्या किल्लारीत झालं असं नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, नागपट्टिनमच्या बाजूला, देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून होते. कोळी लोकांनी ते घेतले नाहीत. घर गेलं म्हणून माणसाची लाज जात नाही. दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेनं त्यातलं पुष्कळ कापड गोळा करून निवडलं. जे अंगावर घालण्याजोगं नव्हतं त्याच्या स्वच्छ सुती पट्ट्या बायकांच्या कामी आल्या. संस्थेचे अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कापड तेच होतं, फक्त ते उघडून, निवडून, कुणाला काय लागेल याचा विचार करणारं कुणीतरी मधे उभं होतं.

आता वादळाकडे येतो. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, खाली दापोली, मंडणगड, सगळीकडे घरांची छपरं गेली, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले. कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यात टाळेबंदी. आम्ही सात-आठ मित्रांनी वर्ध्यात पैसे जमवले आणि पुन्हा तीच चर्चा सुरू झाली: तांदूळ पाठवू, चादरी पाठवू. मला ती आजी आठवली. म्हटलं, आधी विचारू.

श्रीवर्धन तालुक्यातले एक शिक्षक साहित्य संमेलनात भेटलेले होते. त्यांचा फोन चार दिवस लागला नाही, कारण मोबाइलचे मनोरेही बंद. पाचव्या दिवशी लागला. मी विचारलं, "सर, तांदूळ पाठवू का?" ते म्हणाले, "तांदूळ आहे हो. तो ठेवायला कोरडी जागा नाही."

तो सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता. वादळ गेलं आणि चार दिवसांत मृग लागला. कोकणातला पाऊस. आमच्या कवेलूंना तिकडे कौलं म्हणतात, ती फुटलेली. पत्रे उडून कुठे गेले पत्ता नाही. मिळतील ते पत्रे महाग. सरांनी यादी सांगितली: पत्रे, पत्रे ठोकायचे हूक आणि वॉशर, तोपर्यंत जाड ताडपत्री, नायलॉनची दोरी, मेणबत्त्या, सौर कंदील. झाडं घरांवर पडली होती, म्हणून लाकूड कापायची यंत्रं आणि ती चालवणारी माणसं. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून विहिरीत पाणी असून नळाला नाही, तर काही दिवसांसाठी भाड्यानं जनित्र. या यादीत कपडा नव्हता आणि धान्यही नव्हतं. हूक आणि वॉशर मला कधी सुचले असते? छप्पर कशानं धरून राहतं, हे ज्याचं उडालं त्यालाच माहीत.

वर्ध्याहून श्रीवर्धन आठशे किलोमीटरच्या वर. तेवढं डिझेल जाळून पत्रे नेण्यापेक्षा आम्ही पैसे पाठवले. सरांनी माणगावच्या दुकानातून माल घेतला, दुकानदारानं टेम्पो दिला. अकरा घरं झाकली गेली. अकराच. पण पावसाआधी. शिवाय तिथल्या दुकानदाराचा धंदा सुरू झाला, हमालाला काम मिळालं. बाजार उघडा असेल तर तिथे पैसे पाठवण्यासारखी मदत नाही. तरीही लोकांना पैसे द्यायला जिवावर येतं आणि ट्रक पाठवला की समाधान वाटतं. ट्रक दिसतो ना, त्याचा फोटो निघतो.

रमजानमध्ये आम्ही फितरा देतो. घरातल्या प्रत्येक माणसामागे पावणेदोन किलोच्या आसपास गहू, किंवा त्याची किंमत. तो ईदच्या नमाजाआधी द्यायचा. नंतर दिला तर ते साधं दान, फितरा नव्हे. लहानपणी वडील पहाटे उठवून मला पिटाळायचे तेव्हा राग यायचा. पुढे कळलं, ज्याच्या घरी चूल पेटायची आहे त्याला ती ईदच्या सकाळी पेटवायची असते, दुसऱ्या दिवशी नव्हे.

वस्तूच पाठवायच्या असतील, तर अनुभवानं कळलेल्या चार गोष्टी सांगतो. एका खोक्यात एकाच जातीची वस्तू, आणि खोक्यावर बाहेरून ठळक मराठीत नाव व संख्या. तिथे निवडत बसायला कुणाला वेळ नसतो. घरटी मदत द्यायची तर झाकणाची प्लॅस्टिक बादली घ्यावी आणि तिच्यातच साबण, काडेपेट्या, मेणबत्त्या, डासांची अगरबत्ती, क्लोरीनच्या गोळ्या, क्षार-संजीवनीची पाकिटं, दोरी आणि बायकांसाठी पॅड भरावेत. बादली पुढे पाण्याला होते. ती बायकांनी बायकांच्या हाती द्यावी. शिजवलेलं अन्न लांबून नेऊ नये, वाटेतच आंबतं.

तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर आणि बाटल्या पाठवू नका. यात माया असते, पण गढूळ पाण्यात कालवलेलं ते दूध आणि न उकळलेली बाटली यांनी मूल हगवणीनं आजारी पडतं. जी आई अंगावर पाजते तिला नीट खायला द्यावं, ते जास्त उपयोगी. घरातली अर्धी उरलेली औषधंही नकोत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ सालीच औषधदानाचे नियम केले आहेत. मुदत साधारण वर्षभर शिल्लक असलेलीच औषधं द्यावीत, आणि मागितलेलीच. बाकीची फेकायचा खर्च त्या गावावर पडतो.

पुराची गरज पुन्हा वेगळी. ३० जुलै १९९१ ला आमच्याच वर्धा नदीनं वरच्या अंगाला, नागपूर जिल्ह्यातलं मोवाड उद्ध्वस्त केलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. २०२२ च्या जुलैत हिंगणघाटात वणा नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. पाणी उतरल्यावर घरात गाळ असतो. तेव्हा फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर लागते, आणि मुलांची वह्या-पुस्तकं. चादरींची पाळी त्यानंतर.

पैसे जमवले की हिशेब आला. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदत समितीचा पैसा जे. सी. कुमारप्पा सांभाळत होते. तेच कुमारप्पा पुढे आमच्या वर्ध्यात मगनवाडीला येऊन राहिले. त्यांनी स्वयंसेवकांना रोजचे तीन आणे ठरवून दिले होते, आणि गांधीजी तिथे आले तेव्हा त्यांच्यासोबतच्या मंडळींचा खर्चही या निधीतून होणार नाही, असं सांगितलं. आम्ही काही कुमारप्पा नव्हे, पण आमच्या अकरा घरांचा हिशेब पावत्यांसह एका कागदावर मांडला आणि पैसे देणाऱ्या प्रत्येकाला पाठवला. एकानं फोन करून विचारलं, वॉशरवर इतका खर्च कसा? मला त्याचा आनंदच झाला.

दिवाळीनंतर मी सरांना पुन्हा फोन केला. तोवर वर्तमानपत्रांतून वादळ गेलं होतं. सर म्हणाले, छपरं झाली, वाड्या मोकळ्या आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळालाही तितकीच. तोवर त्या घरानं खायचं काय? मी विचारलं, आता काय पाठवू? ते म्हणाले, "रोपं. पण आत्ता नको. पुढच्या जूनला पाठवा, पाऊस पडला की." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.