पंतांची साखर

आमच्या फ्रिजच्या मधल्या फळीवर, विरजणाच्या भांड्यामागे, इन्शुलिनच्या दोन बाटल्या असतात. एक आईची, एक पंतांची. आईचं इन्शुलिन दुधी रंगाचं, टोचण्याआधी बाटली तळव्यांत घोळवावी लागते. पंतांचं पाण्यासारखं नितळ. पंत म्हणजे आमचा बोका. वय ११, नसबंदी झालेला, जन्म फ्लॅटमध्ये गेलेला आणि गेल्या वर्षापर्यंत साडेसहा किलो वजन मिरवणारा. चालण्यात पेशवाई डौल होता म्हणून पंत.

आधी पाणी वाढलं. स्वतःच्या वाडग्याकडे ढुंकूनही न बघता पंत बाथरूममधल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून लपलप पाणी पिऊ लागले. उन्हाळा होता, आम्ही मनावर घेतलं नाही. मग लिटर ट्रेमधले गोळे मोठे झाले, लिंबाएवढे असायचे ते मोसंबीएवढे. खाणं दुप्पट झालं आणि पाठीवरून हात फिरवताना मणके मोजता येऊ लागले. शेवटी चाल बदलली. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून, सशासारखे चालायला लागले. निदान डॉक्टरांच्या आधी आईने केलं. “अरे, हे तर माझंच सगळं,” ती म्हणाली. “मी नव्हते का रात्री चारदा उठत?”

रिक्षात वाटभर आक्रोश झाला. दवाखान्यात साखर निघाली ४१२. माणसाचा हा आकडा असता तर तिथेच शिक्कामोर्तब झालं असतं. डॉक्टरबाई मात्र थांबल्या. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने तीनशेच्या पुढे जाऊ शकते. पिंजरा, रिक्षा, शेजारी भुंकणारा कुत्रा, एवढं कारण पुरतं. म्हणून त्यांनी लघवी तपासली आणि रक्ताची फ्रुक्टोसामिन नावाची चाचणी केली. आईची ‘तीन महिन्यांची’ असते ना, तशीच ही मांजरांची, फक्त मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगणारी. एका दिवसाच्या घाबरण्याने ती बदलत नाही. लघवीतली साखरही बोलकी असते. माणसाच्या रक्तात साखर १८०च्या आसपास गेली की ती लघवीत उतरू लागते. मांजराचं मूत्रपिंड अडीचशे-तीनशेपर्यंत तिला थोपवून धरतं. पंतांच्या दोन्ही तपासण्या एकच सांगत होत्या.

मांजराचा मधुमेह बराचसा आपल्या ‘टाइप टू’च्या वळणावर जातो. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंड जास्त जोर लावतं आणि हळूहळू थकतं. त्याच्या पेशींभोवती अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं. लठ्ठपणा, उतारवय, घरातल्या घरात बसून राहणं, नसबंदी झालेला नर असणं, ही सगळी कारणं पंतांना लागू. खाजेसाठी किंवा दम्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडनेही हा आजार उफाळू शकतो, म्हणून मागे कुठली इंजेक्शनं झाली ते डॉक्टर खोदून विचारतात. आईला गोळ्यांवर बारा वर्षं काढता आली. मांजरांच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा सुरुवातच इन्शुलिनने होते. साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन हे तोंडावाटे द्यायचं द्रव औषध २०२३मध्ये मांजरांसाठी मंजूर झालं. पण ती निवडक मांजरांसाठी, आणि आधी इन्शुलिन घेतलेल्यांसाठी नाहीतच.

पंतांसाठी निवडलं ते ग्लार्जिन, म्हणजे माणसांचंच औषध, औषधाच्या दुकानात मिळणारं. बाटलीत ते आम्लधर्मी असतं म्हणून नितळ दिसतं. कातडीखाली गेलं की त्याचे सूक्ष्म कण जमतात आणि सावकाश विरघळत राहतात. म्हणूनच ते पाणी घालून पातळ करायचं नाही, दुसऱ्या इन्शुलिनमध्ये मिसळायचं नाही. माणसाला ते दिवसभर पुरतं, मांजराला अर्धा दिवस. म्हणून सकाळी सात, संध्याकाळी सात. मात्रा एक युनिट.

सुईची भीती मला होती, पंतांना नव्हती. सुई केसासारखी असते. बरगडीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, तंबूच्या दारातून सुई आत सरकवायची, दट्ट्या दाबायचा, संपलं. मानेवरची कातडी धरायला सोपी, पण तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे औषध नीट शोषलं जाईल याची खात्री नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा माझी सुई तंबूच्या पलीकडच्या बाजूने बाहेर आली आणि औषध केसांत गेलं. ओली जागा बोटाला लागली की कळतं, वासही येतो. अशा वेळी हात पुन्हा बाटलीकडे जातो. तो आवरायचा. किती आत गेलं आणि किती बाहेर सांडलं हे कुणालाच ठाऊक नसतं. एक वेळ चुकलेली चालते, दुप्पट झालेली नाही.

खरा घात होता होता राहिला तो सुईत नव्हे, टोपणात. आपल्याकडे आईसारख्या अनेकांचं बाटलीतलं इन्शुलिन एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन एका मिलिलिटरला १०० युनिटचं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. एका सकाळी नारिंगी सिरिंजा संपल्या होत्या. मी आईच्या पुड्यातली लाल उचलली, ‘एक’च्या रेघेपर्यंत भरली आणि पंतांना उचलून मांडीवर घेतलं. आई देवघरातून ओरडली, “ते माझं आहे!” तिला वाटलं मी तिची सिरिंज ढापतोय. पण तेवढ्याने मी थांबलो आणि हिशेब केला. लाल सिरिंजवरची एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग, आणि शंभरच्या औषधात तेवढ्यात अडीच युनिट बसतात. पाच किलोवर आलेल्या बोक्याला अडीचपट मात्रा. त्या दिवशी पंतांची सकाळची वेळ चुकली आणि लाल पुडा आईच्या कपाटात गेला. तुमच्याही घरात इन्शुलिन घेणारं माणूस आणि जनावर एकत्र नांदत असतील तर सिरिंजा एका डब्यात ठेवू नका. नवी बाटली आली की लेबलावरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा, दुकानदाराने “सगळं सारखंच असतं” म्हटलं तरी.

दुसरी खबरदारी कालनिर्णयवर. घरात टोचणारे हात दोन असले की ‘तू दिलंस वाटतं’ आणि ‘मला वाटलं तू विसरलास’ या दोन वाक्यांत मांजर जाऊ शकतं. म्हणून तारखेच्या चौकोनात सुई निघाली की लगेच खूण. नंतर करू म्हटलेली खूण होत नाही. खूण दिसत नसेल आणि आठवतही नसेल तर द्यायचं नाही, पुढच्या वेळेची वाट बघायची.

साखर घरीच मोजायची, हे डॉक्टरबाईंनी दुसऱ्याच भेटीत सांगितलं. कारण उघड आहे: दवाखान्यात भीतीचा आकडा येतो, घरी खरा. कानाच्या काठाने एक बारीक शीर जाते, मागून मोबाइलचा उजेड धरला की दिसते. कान आधी तळव्यात धरून गरम करायचा, काठाला व्हॅसलीनचं बोट लावायचं म्हणजे रक्त पसरत नाही, थेंब बनून राहतं. मागे कापसाचा बोळा, आणि टोच. मोहरीएवढा थेंब पुरतो. मग लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. चौथ्या दिवशी पंत ग्लुकोमीटरचा ‘टीं’ ऐकून आपणहून येऊन बसू लागले. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात जरा कमी आकडा दाखवतो, कारण साखर रक्तपेशी आणि प्लाझ्मा यांत आपल्यासारखी वाटली जात नाही. प्राण्यांसाठी वेगळे मीटर असतात. आमच्याकडे आईचाच होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल, पण तोच ठेवा, मध्येच बदलू नका, आणि मला आकडा सांगताना मीटर कुठला तेही सांगा. पंधरा दिवसांपर्यंत अंगाला चिकटून राहणारे सेन्सरही मांजरांना लावतात, आम्हाला लागला नाही.

एका रविवारी दर दोन तासांनी मोजलं. सकाळी सातला ३४८, मग ३१०, २३६, एकला १७१, तीनला १५८, पाचला २१५, सातला ३२२. मी कासावीस. ३४८! मात्रा वाढवायला नको? फोनवर डॉक्टरबाईंनी सातचा आकडा ऐकलासुद्धा नाही असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, “सगळ्यात खाली किती गेली?” मात्रा ठरते ती तळाच्या आकड्यावरून. तो ८० ते १५०च्या आसपास यावा अशी अपेक्षा. १५८ म्हणजे दारात आलो आहोत, ढकलाढकली नको. निदान आठवडाभर त्याच मात्रेवर राहायचं, मगच पाव-अर्ध्या युनिटचा विचार. आणि मग त्या म्हणाल्या, “साखर जास्त असेल आणि तो नीट खातपीत असेल, तर मला उद्या फोन केलात तरी चालेल. कमी झाली तर आधी हातपाय हलवा, मग फोन करा.” अपवाद एकच: साखर जास्त, खाणं बंद, उलट्या, मरगळ, श्वासाला विचित्र वास. मग रक्तात कीटोन साचलेले असू शकतात. तेव्हा रात्र असो वा दिवाळी, थेट दवाखाना.

खाण्याची गोष्ट आमच्या घराला झोंबणारी. दूधपोळीवर आणि दूधभातावर मांजरं वाढवणारी आपण माणसं. खरं तर मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारा अमायलेज नसतो, आणि आलेली साखर झटपट पकडणारं ग्लुकोकायनेज त्याच्या यकृतात नावापुरतं. उंदरात कर्बोदकं असतात ती नगण्य. आणि पिशवीतलं कुरकुरीत खाणं? पिशवीवर प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा हे छापलेलं असतं, कर्बोदकं सहसा नसतात. ती वजाबाकीने काढायची. आमच्या पिशवीवर प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, ओलावा १०, राख ८. शंभरातून वजा केले, उरले ३४. म्हणजे पंत तिसरा हिस्सा पीठच खात होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते बदलून कमी कर्बोदकांचं ओलं खाणं सुरू केलं, पण आठवडाभरात हळूहळू, साखर रोज मोजत. कारण पीठ कमी झालं की साखर झपाट्याने उतरते आणि कालपर्यंत योग्य असलेलं एक युनिट आज जास्त होतं.

तसं झालंच. पाचव्या आठवड्यात, दुपारी साडेबाराला, पंत सोफ्यावरून उतरताना कलंडले. उठले, पुन्हा कलंडले. डोळे मोठे, मान थरथरते आहे. मीटरवर ५२. ओलं खाणं पुढे धरलं, हुंगलं आणि तोंड फिरवलं. आईने तोवर वाटीत ग्लुकोन-डी कालवलं होतं, ती स्वतःसाठी ठेवते ते. बोटाने हिरड्यांवर चोळायचं, घशात ओतायचं नाही. ठसका लागला तर फुप्फुसात जातं, आणि झटका आलेला असेल तर बोट दातांत सापडतं. मी चोळत होतो, पंत थुंकत होते. त्यांना ते गोड लागलंच नसणार. वाघाच्या मावशीला आणि वाघालाही गोड कळत नाही. जिभेवर गोडी ओळखणारा ग्राहक ज्या दोन जनुकांनी घडतो त्यातलं एक मांजरकुळात निकामी आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५मध्ये दाखवून दिलं. आयुष्यात साखरेची चव न घेतलेल्या जिवाच्या हिरड्यांना मी साखर फासत होतो आणि आई मागे “रामरक्षा म्हणू का?” विचारत होती. दहा मिनिटांनी ६४, वीस मिनिटांनी ८८. मग पंतांनी वाडगा चाटूनपुसून साफ केला आणि काही झालंच नाही अशा थाटात मिशा पुसत बसले. दवाखान्यात तरीही नेलं, कारण इन्शुलिनचा अंमल अजून बाकी होता आणि साखर पुन्हा घसरू शकत होती.

डॉक्टरबाई मात्र काहीशा खूश दिसल्या. त्यांचं म्हणणं, असं झालं की दोन शक्यता: एकतर टोचण्यात चूक, नाहीतर त्याचं स्वतःचं स्वादुपिंड जागं होतंय. साखर बराच काळ चढी राहिली की तिच्याच विषाने इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मलूल पडतात. ती खाली आणली की त्यातल्या काही सावरतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या जॅकी रँड आणि त्यांच्या सहकारी कर्स्टन रूम्प यांनी २००९मध्ये ५५ मांजरांचा अभ्यास छापला. ग्लार्जिन आणि घरच्या घरी काटेकोर मोजणी यांवर ठेवलेल्या त्या मांजरांपैकी ६४ टक्क्यांचं इन्शुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्यांत ८४ टक्के, उशिरा सुरू झालेल्यांत ३५. सगळ्या अभ्यासांत आकडे इतके चांगले नाहीत, आणि सुटलेला आजार परतही येतो. पण आईला ‘सुटतं’ हा शब्द फार लागला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “याचं सुटू दे बाई आधी.”

पंत सध्या अर्ध्या युनिटवर आहेत. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावी लागते. मागचे पाय पुन्हा पंजांवर आले आहेत, ओट्यावर उडी अजून जमत नाही. बाहेरगावी जायचं तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शिकवून ठेवलं आहे. तिचा हात माझ्याहून हलका आहे.

परवा एकादशी होती. आईचा उपास, त्यामुळे तिची स्वतःची मात्रा किती घ्यायची यावरून सकाळी तिच्या डॉक्टरांशी फोनवर वाद झाला. पंतांचा उपास नव्हता. कालनिर्णयच्या त्या चौकोनात आईच्या अक्षरात दोन खुणा आहेत, आणि खाली बारीक पेन्सिलीने: पंत, १४२.