चूक दाखवायची, पण कुठे आणि कुणाला?

जुन्या पोथीत लेखनिकाकडून एखादे अक्षर सुटले, तर त्या जागी हंसपदाची खूण करून ते समासात लिहीत. चूक कुठे आणि हवे काय, दोन्ही एका नजरेत कळे. इंटरनेटवरचा लेख वाचताना चूक सापडली, तर वाचकाला हेच साधायचे असते.

पडद्यावरचा समास

‘हायपोथेसिस’ हे मोफत साधन ब्राउझरला जोडले की वाक्य निवडून ते रंगवता येते किंवा त्यावर टीप लिहिता येते. मूळ लेखाला धक्का लागत नाही. टिपा वेगळ्या सर्व्हरवर राहतात आणि साधन वापरणाऱ्यालाच लेखाच्या कडेला दिसतात. अशा टिपांचा सामाईक साचा वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये मंजूर केला.

टीप जागेवर कशी राहते?

टिपेसोबत निवडलेले शब्द आणि त्यांच्या मागचा-पुढचा थोडा मजकूरही साठवला जातो. त्यामुळे वर दोन परिच्छेद वाढले तरी टीप आपले वाक्य शोधून काढते. लेखकाने ते वाक्यच काढून टाकले, तर मात्र ती अनाथ होते. टीप उरते, जागा उरत नाही.

‘खासगी’ म्हणजे कुणापुरते?

इथे गल्लत होते. हायपोथेसिसवरची टीप सर्वांसाठी, गटापुरती किंवा फक्त स्वतःपुरती ठेवता येते. स्वतःपुरती टीप लेखकालाही दिसत नाही. त्याच्या कानावर घालायचे, तर खासगी गट करून त्याला बोलवावे लागते. त्यापेक्षा ईमेल सोपा. क्रोममध्ये निवडलेल्या वाक्याचीच लिंक कॉपी करता येते. ती उघडली की पान सहसा थेट त्या वाक्यापाशी थांबते आणि वाक्य रंगवलेले दिसते.

लेखकाला काय लिहावे?

‘तारखा नीट तपासा’ एवढेच कळवले, तर लेखकाने शोधायचे काय? त्याऐवजी असे लिहावे : ‘चौथ्या परिच्छेदात पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे साल १७१६ पडले आहे. ते १७६१ हवे. आकड्यांची अदलाबदल झालेली दिसते.’ जागा, आहे ते आणि हवे ते, तिन्ही आले. बाब सर्वश्रुत नसेल तर आधार द्यावा, खात्री नसेल तर प्रश्न विचारावा. मतभेद असतील तर ते वेगळ्या पत्रात लिहावेत, नाहीतर वादात साधी दुरुस्ती राहून जाते.

अशा पत्राची किंमत संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी ठरवूनच टाकली. त्यांच्या पुस्तकातली चूक प्रथम कळवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवत. २५६ सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीत पूर्ण १००. पुष्कळांनी तो चेक न वटवता फ्रेम करून भिंतीवर लावला.

चारचौघांत केव्हा?

टंकदोष, चुकलेले नाव, उलटसुलट झालेले साल हे खासगीत कळवावे. औषधाचे प्रमाण किंवा अर्जाची शेवटची तारीख चुकली असेल, तर लेखकाला कळवावेच, शिवाय सर्वांना दिसेल अशी टीपही लावावी. उत्तराची वाट पाहताना दुसऱ्याचे नुकसान होऊ शकते. लेखकाने दुरुस्ती केली की आपली टीप काढावी किंवा तीत ‘दुरुस्त झाले’ असे लिहावे. नाहीतर पुढचा वाचक नसलेली चूक शोधत बसतो.