कळ आणि अक्षर

नागपूरच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थी संगणकावर आपल्या शहराचे नाव लिहू लागतो. कळा नेमक्या दाबूनही पडद्यावर ‘नागपूर’ न उमटता व्ही, ई, आय, एच, टी, जे ही इंग्रजी अक्षरे उमटतात. यंत्र बिघडले, असे त्याला वाटते. परंतु यंत्र निर्दोष असते.

कोणती कळ दाबली गेली, एवढेच कळफलक संगणकाला कळवितो. त्या कळेला कोणते अक्षर द्यावयाचे, हे निवडलेली मांडणी ठरविते. केंद्र शासनाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी प्रमाण ठरविली. तिच्यात ‘न’ देणारी कळ इंग्रजी मांडणीत ‘व्ही’ देते. म्हणून प्रथम मराठी मांडणी निवडली आहे काय, हे पाहावे.

पुढे ‘विदर्भ’ लिहावयाचा आहे. जुन्या टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी व ‘व’ नंतर उमटवीत. त्याच सवयीने संगणकावर लिहिले, तर वेलांटी बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेली दिसते. येथे उच्चाराचा क्रम पाळावा लागतो : आधी ‘व’, मग वेलांटी. रफारही तसाच. तो ‘भ’च्या डोक्यावर दिसतो, पण ‘र’, हलन्त आणि ‘भ’ याच क्रमाने कळा दाबाव्या लागतात.

‘दऱ्या’ लिहिताना मात्र ‘र’ऐवजी ‘ऱ’ची कळ घ्यावी, नाहीतर डोंगरातील दऱ्यांचा ‘दर्या’ म्हणजे समुद्र होईल!

सर्व बरोबर असूनही रिकामे चौकोन दिसले, तर देवनागरी फाँटचा अभाव समजावा. मांडणी, क्रम, फाँट असे एकेक तपासीत गेल्यास दोष सापडतो.