स्वीडनमधील वास्तव्य आणि अमेरिकी नागरिक

स्वीडनमध्ये राहावयास निघालेल्या अमेरिकी माणसाला धास्ती वाटते ती थंडीची. वस्तुतः त्याची पहिली कसोटी लागते सरकारी कचेरीत. निवास-परवाना सामान्यतः निघण्यापूर्वीच मिळवावा लागतो. तेथे वर्षभर वा त्याहून अधिक राहावयाचे असल्यास कर-खात्याकडे लोकसंख्या-नोंदणी करून व्यक्तिक्रमांक घ्यावा लागतो. १९४७ साली सुरू झालेल्या या क्रमांकावाचून साधी कामेही अडून बसतात. पगार जमा व्हावयाचा तर बँकेत खाते हवे, आणि खाते उघडू गेल्यास बँक बहुधा प्रथम क्रमांकच विचारते! आपली माहिती सरकारपासून दूर ठेवू पाहणाऱ्या अमेरिकी मनाला हे जाचक वाटते. स्वीडिश माणसाला त्यात काहीच वावगे दिसत नाही.

मोटार चालविण्याचा अमेरिकी परवाना नोंदणीनंतर वर्षभरच चालतो. तो बदलून मिळत नाही. परीक्षा नव्याने द्यावी लागते. १२० व्होल्टची उपकरणे तेथील २३० व्होल्टच्या विजेवर जळतील, तेव्हा ती मागे ठेवलेलीच बरी. अमेरिकेची करआकारणी मात्र मागे राहत नाही. ती नागरिकत्वाला जोडलेली असल्याने ठरावीक मर्यादेहून अधिक उत्पन्न असलेल्याला मायदेशीही दरवर्षी विवरणपत्र पाठवावे लागते. दुहेरी कराचा भार टळावा म्हणून उभय देशांनी १९९४ साली करार केला. विवरणपत्रातून मात्र त्याने सुटका होत नाही.