पाय चालते असतानाच उपचार

स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग रक्तावाटे पाठीच्या मणक्यांत पोचला, तर तेथे वाढणारी गाठ कण्याच्या पोकळीत शिरते आणि मज्जारज्जूवर, म्हणजे मेंदू व शरीर यांच्यातील संदेश वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडीवर, दाब येऊ लागतो. या दाबाने आधी शिरांतील रक्त तुंबून सूज येते आणि पुढे रक्तपुरवठाच घटतो. त्यानंतर पायांतील गेलेली शक्ती परत येणे कठीण असल्याने ही अवस्था तातडीची मानली जाते.

अशा रुग्णाला सूज उतरवण्यासाठी डेक्सामेथासोन देतात, संपूर्ण कण्याचा एमआरआय करतात आणि मणका खचून कणा अस्थिर झाला असेल तर, प्रकृती साथ देत असल्यास, शस्त्रक्रियेचा विचार करतात. इतर बहुतेकांसाठी रेडिओथेरपी, म्हणजेच बोलीतला 'शेक', हाच मुख्य उपचार ठरतो. उच्च ऊर्जेचे क्ष-किरण कर्करोगपेशींतील डीएनए तोडतात, त्यामुळे गाठ आकसते, दाब हलका होतो आणि वेदना शमतात. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे होते.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील ६८६ रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्कोराड' चाचणीत ८ ग्रेची एकच मात्रा आणि पाच दिवसांत विभागलेली २० ग्रेची मात्रा यांची तुलना झाली. आठ आठवड्यांनी चालू शकणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६९.३ आणि ७२.७ टक्के होते. आधी ठरवलेल्या संख्याशास्त्रीय निकषात एकच मात्रा अगदी थोडक्यासाठी बसली नाही, तरी आयुर्मान मर्यादित असलेल्या रुग्णासाठी हा फरक लहान आहे.

भोपाळमध्ये या निष्कर्षाचे मोल विशेष आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर १९८६ मध्ये या शहरात कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि आज जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालय व एम्स येथे रेडिओथेरपीची सोय आहे. परंतु बैतूल किंवा विदिशाहून येणाऱ्या कुटुंबाला शहरातील प्रत्येक जादा दिवसाचा खर्च सोसावा लागतो, आणि एकाच भेटीत संपणारा उपचार त्याचा हा भार हलका करतो.

मात्र मात्रा कोणतीही असो, उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचीच पुढे चालत राहण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून कर्करोग झालेल्या व्यक्तीची पाठदुखी आडवे पडल्यावर किंवा खोकताना वाढत असेल, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटत असेल, पाय लटपटत असतील किंवा लघवी अडत असेल, तर मलम चोळत दिवस न घालवता तिला त्याच दिवशी कर्करोग रुग्णालयात न्यावे.