तोरिनोच्या घुमटावरचे लाल आकडे

नाताळातला युरोप म्हटलं की टूरवाल्यांच्या यादीत व्हिएन्ना, प्राग, स्ट्रासबुर्ग ही नावं ठरलेली. इटलीतलं तोरिनो त्यात सहसा नसतं. आमच्या रांजणगावात मात्र फियाटचा कारखाना आल्यापासून हे नाव चहाच्या टपरीवरही कानावर पडतं. कुणाचा भाचा तिकडे ट्रेनिंग करून आलेला, तर कुणाचा जावई महागणपतीला नारळ वाढवून थेट विमानतळावर गेलेला. मीही असाच सुट्या भागांच्या कामासाठी गेलो, आणि काम संपल्यावरही पदरचे पैसे मोडून जात राहिलो. "अहो, डिसेंबरात गावाकडं हुरडा असतो, आणि तुम्हाला बर्फात कसलं फिरायचंय?" हा सौ.चा सवाल ठरलेला. बर्फ रस्त्यात फारसा नसतोच म्हणा. तो आल्प्सवर असतो, आणि हवा स्वच्छ असेल तर रस्त्याच्या टोकाशी दिसतो.

इतिहास थोडक्यात उरकतो. सावोय घराण्याची राजधानी, १८६१ ते १८६५ संयुक्त इटलीची पहिली राजधानी, १८९९ मध्ये फियाटची स्थापना. बाकीचं कुठल्याही गाइडबुकात मिळेल.

तोरिनोत पायी भटकायचं ते कमानींखालून. शहरात अशा छपराखालच्या पदपथांची लांबी सुमारे १८ किलोमीटर आहे. पाऊस असो की धुकं, माणूस कोरडाच्या कोरडा. कास्तेल्लो चौकातून पो नदीकडे जाणाऱ्या व्हिया पो रस्त्याच्या डाव्या बाजूला तर आडवे रस्ते येतात तिथेही छप्पर तुटत नाही. राजाला नदीपर्यंत न भिजता जाता यावं म्हणून ही सोय, असं सांगतात. आता तिथे जुन्या पुस्तकांचे स्टॉल आहेत. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडला की स्टॉलवाले पिवळे दिवे लावतात, आणि हातमोजे घातलेल्या बोटांनी पानं चाळणारी मंडळी तिथून हलत नाहीत. याच शहरात १८८८ च्या शरदात नीत्शेने आपलं आत्मचरित्रवजा पुस्तक लिहिलं, आणि नाताळ सरल्यावर जानेवारीच्या सुरुवातीला इथेच त्याचं मन कायमचं ढळलं. त्यालाही या कमानी फार आवडायच्या.

नाताळ म्हणजे रोषणाई आलीच. पण इथली रोषणाई मंडप डेकोरेटरची नव्हे. १९९८ पासून महापालिका 'लूची दार्तिस्ता', म्हणजे 'कलावंतांचे दिवे', हा उपक्रम चालवते आणि रस्त्यावरचे दिवे नामवंत चित्रकार-शिल्पकारांकडून करून घेते. ऑक्टोबर सरता सरता ते लागतात आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत राहतात. कार्मेलो जामेल्लोने तारकापुंज केले, ते डोक्यावर टांगलेले असतात. फ्रांचेस्को कासोरातीचे लाल पक्षी चोचीत लांबलचक दोरा धरून उडतात. लुईजी माइनोल्फीने एक अख्खी गोष्ट प्रकाशाच्या अक्षरांत रस्त्यावर ओळीने टांगली. चालत गेलात की वाचून होते, थांबलात की मागचा माणूस धडकतो. बऱ्याच दिव्यांची जागा दरवर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबून फिरण्यात अर्थ नाही. नदीपलीकडच्या टेकडीवरच्या चर्चभोवती रेबेका हॉर्नने सोडलेली निळी वलयं मात्र व्हित्तोरियो चौकातूनच बघावीत. जवळ गेलं की त्यांची गंमत कमी होते, असं माझं मत.

आता मूळ विषयाकडे, शीर्षकातल्या घुमटाकडे येतो. 'मोले आंतोनेल्लियाना' हे त्या इमारतीचं नाव. इटलीच्या दोन सेंटच्या नाण्यावर ती आहे. तोरिनोच्या ज्यू समाजाने १८६३ मध्ये बेताच्या उंचीचं प्रार्थनामंदिर बांधायला काढलं आणि काम आलेस्सांद्रो आंतोनेल्ली या वास्तुविशारदाला दिलं. हा गृहस्थ थांबेचना. घुमट वाढत गेला, खर्च वाढत गेला, शेवटी समाजाने हात टेकले आणि नगरपालिकेने इमारत ताब्यात घेतली. आंतोनेल्ली १८८८ मध्ये नव्वदीत वारला, काम पुरं झालं १८८९ मध्ये, आणि उंची भरली १६७ मीटरच्या वर. १९५३ च्या वादळात कळसाचा ४७ मीटरचा तुकडा खाली आला, तो पुन्हा पोलादी सांगाड्यावर उभारला. आत सिनेमाचं संग्रहालय आहे, आणि काचेची लिफ्ट घुमटाच्या पोकळीतून सरळ वर जाते, आजूबाजूला भिंत नाही, काही नाही. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी डोळे मिटावेत.

या घुमटाच्या एका अंगावर रात्री लाल निऑनचे आकडे पेटतात, खालून वर चढत जाणारे: १, १, २, ३, ५, ८, १३, २१... हे मारिओ मेर्त्सचं काम, 'आकड्यांचं उड्डाण'. मेर्त्स १९२५ चा. १९४५ मध्ये फॅसिस्टविरोधी चळवळीपायी इथल्याच तुरुंगात पडला आणि तिथे कागदावरची पेन्सिल न उचलता चित्रं काढू लागला. पुढे १९७० पासून फिबोनाचीच्या श्रेणीने त्याला झपाटलं ते २००३ मध्ये जाईपर्यंत. आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा, एवढीच ती श्रेणी.

आणि इथे मला थांबवत नाही. फिबोनाचीने ती १२०२ मध्ये सशांच्या जोड्यांच्या गणितात मांडली. आपल्याकडे विरहांकाने त्याच्या काही शतकं आधी आणि हेमचंद्राने बाराव्या शतकात ती छंदशास्त्रात मांडली होती. चार मात्रांची जागा लघू-गुरूंनी किती तऱ्हांनी भरेल? लललल, ललगु, लगुल, गुलल, गुगु. पाच तऱ्हा. तीन मात्रांच्या तीन, दोनच्या दोन. पाच मात्रांची ओळ एकतर लघूने संपेल, मागे चार उरतील. नाहीतर गुरूने, मागे तीन उरतील. म्हणून पाच अधिक तीन, आठ. शाळेत मात्रावृत्तं मोजताना हे कुणी दाखवलं असतं तर व्याकरणाचा तास इतका रटाळ झाला नसता. शिवाय फिबोनाचीने ज्या ग्रंथात ससे मोजले, त्याच ग्रंथात त्याने इटलीच्या व्यापाऱ्यांना शून्यासह भारतीय अंक शिकवले. उत्तर आफ्रिकेच्या बंदरात तो ते शिकून आला होता. तेव्हा तोरिनोच्या आभाळात पेटलेले ते आकडे बघताना रांजणगावच्या माणसाची मान थोडी ताठ झाली तर ती होऊ द्यावी.

खाण्याचं काय, हा शाकाहारी वाचकांचा प्रश्न. 'बान्या काउदा' हे इथलं लाडकं कालवण लसणीचं म्हणून मिटक्या मारू नका, त्यात मासे असतात. हरभऱ्याच्या पिठाची 'फारिनाता' बिनधास्त मागवा. जाडसर, खरपूस धिरडंच ते. कोन्सोलाता चर्चसमोर १७६३ पासूनचं छोटं कॅफे आहे, तिथे 'बिचेरिन' प्यायचं: खाली गरम चॉकलेट आणि कॉफी, वर गार साय. ढवळलंत तर वेटर डोळे वटारतो.

कारखानदारीतल्या माणसाने लिंगोत्तो चुकवू नये. १९२३ मध्ये सुरू झालेला फियाटचा हा पाच मजली कारखाना. कच्चा माल तळमजल्यावर, गाडी मजल्यामजल्याने तयार होत वर, आणि चाचणीचा ट्रॅक थेट गच्चीवर! आमच्या एमआयडीसीतल्या बैठ्या शेडमध्ये दिवस काढलेल्याला हे वेड वाटतं. १९८२ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं, आता त्या ट्रॅकवर बाग आहे.

२५ तारखेला दुपारी शहर ओस असतं, २६ लाही सुट्टी, तेव्हा पोटाची सोय आदल्या दिवशीच बघावी. मोलेचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. अंगारकी धरणाऱ्यांनी त्या दिवशी लिंगोत्तोची गच्ची गाठावी.